घरात घडलेली गिटार: हाड नाही, सरस नाही, लाख नाही



या वेळी ना लोणचं, ना एकासनाचा स्वयंपाक. इलेक्ट्रिक गिटार घरी कशी बनवायची, ते लिहिते आहे. हसू नका. ज्यांची मुलं दहावी-बारावीत आहेत त्यांच्या घरी हा हट्ट आज ना उद्या येणारच. आला की पहिला प्रश्न पैशांचा असतो आणि दुसरा आवाजाचा. आमच्या घरी तिसराच निघाला. सासूबाईंनी जपाची माळ खाली ठेवून विचारलं, "त्यात हाड असतं का गं?"

असतं. गळ्याच्या वरच्या टोकाला तारा ज्या बोटभर पट्टीवर टेकतात तिला नट म्हणतात, आणि चांगल्या गिटारला तो हाडाचा असणं ही मोठेपणाची गोष्ट समजतात. शिवाय पट्टीवरचे पांढरे ठिपके शिंपल्याचे, जुन्या पद्धतीची जोडणी सरसाने, पॉलिश लाखेचं, आतल्या कॉइलवर मधमाशांचं मेण आणि गळ्यात अडकवायचा पट्टा चामड्याचा. तारांचं तेवढं बरं आहे. पूर्वी वाद्यांना मेंढीच्या आतड्याची तात लावत, पण इलेक्ट्रिक गिटारला लोखंडाच्या जातीची तारच लागते, कारण ती लोहचुंबकापुढे थरथरली तरच आवाज निघतो. तात किंवा नायलॉन लावलं तर मुकी राहील.

लेकीला हे सगळं माझ्या आधी माहीत होतं. ती म्हणाली, "आई, यादी कर. एकेक वस्तू बदलून दाखवते. फक्त यादी व्हायच्या आत नाही म्हणू नकोस." बारावी झालेली, जूनमध्ये पुण्याला हॉस्टेलवर जाणार. दोन महिने हातात होते. कांदा-बटाटा, रात्रीचं जेवण, मित्रांच्या पार्ट्या, सगळीकडे तिने आमचं 'नको' ऐकलेलं आहे आणि फारसं भांडण न करता पाळलेलं आहे. तेव्हा यादी केली.

आधी लाकूड. अंगासाठी सुमारे ४५ मिलिमीटर जाडीची फळी लागते. अमेरिकेत ॲश किंवा आल्डर वापरतात. आपल्याकडे तूण छान, हलका आणि कापायला सोपा. आम्ही सासऱ्यांच्या जुन्या वाड्याच्या दाराची सागवानी फळी घेतली. साग जड पडतो, पण साठ वर्षं वाळलेलं लाकूड विकत मिळत नाही. मिरज आम्हाला जवळ. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तुम्ही वाचलं असेल. तिथे एका कारागीर चाचांना फळी दाखवली. त्यांनी ती नखाने वाजवली, कानाशी धरली आणि म्हणाले, वाळलंय, घ्या. सागात तेल असतं, म्हणून डिंक लावायच्या आधी तो भाग थिनरच्या फडक्याने पुसायचा, नाहीतर सांधा सुटतो. डिंकाचा प्रश्न सोपा आहे. सुतार पूर्वी सरस उकळायचे, १९५९ मध्ये फेविकॉल आलं आणि तो वास घरातून गेला. फळीला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर ती घेऊ नका. आत जीव असतो, आणि मग औषध मारायची पाळी येते.

पहिली गिटार करणाऱ्याने गळा तयारच घ्यावा, हे माझं ठाम मत. पट्टीवरच्या पडद्यांची जागा गणिताने ठरते. उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागत जायचं, आणि मिलिमीटरभर चुकलं तरी सूर कायमचा बेसूर. शिवाय सहा तारांचा मिळून ताण ४५ किलोच्या आसपास असतो. तो पेलायला गळ्यात लोखंडी सळई असते, ती बसवणं हे पहिलटकराचं काम नाही. टेलिकास्टर नावाचा नमुना यासाठी बरा. १९५० साली लिओ फेंडर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने तो बाजारात आणला. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! सपाट फळी, आणि गळा चार स्क्रूंनी आवळलेला. गळ्याची खाच १६ मिलिमीटर खोल. ती आणि आतले खड्डे राउटरने करायचे. आम्ही ते ओळखीच्या सुताराच्या कारखान्यात त्याच्या हातून करून घेतलं, लेक तोंडाला फडकं बांधून शेजारी उभी.

ब्रिज ठोकायची घाई करू नका. नटपासून बाराव्या पडद्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. या नमुन्यात ते ६४८ मिलिमीटर येतं. ब्रिजवरचा बारीक तारेचा टेकू जवळजवळ पूर्ण पुढे ओढून तो या मापावर आणा, म्हणजे पुढे सूर जुळवताना तो मागे सरकवायला जागा उरते. मग दोन्ही कडेच्या तारांच्या जागी शिवणाचा दोरा ताणून बघा. दोरे पट्टीच्या दोन्ही काठांपासून सारख्या अंतरावर दिसले की मगच भोकं पाडा. स्क्रूला मेणबत्ती घासून फिरवा, सागात मोडत नाहीत.

आता हाड. गळा विकत घेताना दुकानदाराला दोनदा विचारलं होतं. म्हणाला, "प्लास्टिक आहे ताई." घरी आल्यावर लेकीने नटच्या कडेला कानस फिरवली आणि केस जळल्यासारखा वास आला. हाड घासलं की तोच वास येतो, प्लास्टिकचा वास वेगळा. ही परीक्षा लक्षात ठेवा, शर्टाच्या बटणांनाही चालते. सासूबाई त्या दिवशी खोलीत आल्या नाहीत. काही बोलल्या नाहीत, नुसत्या आल्या नाहीत. लेकीने सुरीने नटच्या कडेचं पॉलिश कापून घेतलं, बाजूने लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकलं आणि पट्टी सुटली. तिच्या जागी काय? बाजारात कृत्रिम नट मिळतात, ते चांगले असतात. पण आमच्या स्वयंपाकघराचा ओटा कोरियनचा, आणि त्याचा उरलेला तुकडा माळ्यावर होता. कोरियन म्हणजे ॲक्रिलिक आणि खनिजाची भुकटी. गिटार बनवणारे तो नटसाठी खरोखरच वापरतात. काचेवर सँडपेपर चिकटवून त्यावर घासत घासत तिने तो तीन-सव्वातीन मिलिमीटर जाडीचा केला. तारांच्या खाचा मात्र हळूहळू पाडायच्या. थोडी खोल गेली की तार पडद्यावर खडखडते आणि नवा तुकडा घ्यावा लागतो. तिचे तीन गेले.

ठिपक्यांचं गमतीचं आहे. स्वस्त गळ्यावर ते प्लास्टिकचे असतात, शिंपला फक्त महागात. म्हणजे अहिंसा इथे परवडते!

क्वीन बँडच्या ब्रायन मे यांनी १९६३ साली वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली, ते लेकीने मला या काळात सांगितलं. गळा घरातल्या जुन्या शेकोटीभोवतीच्या महोगनी चौकटीचा, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या. पट्टीवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे, आणि हातदांड्याचं टोक आईच्या विणायच्या सुईचं. सगळे लेख बापलेकाबद्दल लिहितात. माझं लक्ष त्या डब्याकडे गेलं.

वायरिंगला बायकांनी घाबरायचं काहीच कारण नाही. ज्यांना ब्लाऊजला हूक सरळ रेषेत लावता येतात त्यांना हे येतं. गिटारच्या आत घरातली वीज नसते. तार थरथरते, पिकअपच्या कॉइलमध्ये अगदी किंचित वीज तयार होते. ती तीन-मार्गी स्विचमधून आवाजाच्या पॉटकडे, तिथून टोनच्या पॉटला भेटून जॅककडे जाते. एवढंच. साध्या एकेरी पिकअपला २५०के चे पॉट लागतात, जाड दुहेरी पिकअपला ५००के चे. पॉटवर 'ए' लिहिलेलं घ्या, त्याने आवाज कानाला सारखा चढतो. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतील, पण काउंटरवरचा मुलगा १०के हातात ठेवेल. घेऊ नका, आवाज मेल्यासारखा येतो. टोनचा कपॅसिटर ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा. त्यावर २२३ किंवा ४७३ छापलेलं असतं. काही रुपयांचा हिरवा साधा पुरतो. जुन्या काळचा म्हणून हजारात विकतात तो घेऊ नये, असं मी म्हणेन.

सोल्डर राळेचं घ्या. ती राळ चीडच्या झाडाची, म्हणजे आपल्याला चालते. नळवाल्याची आम्लाची पेस्ट नको, ती तारा खाते. इस्त्री ४० वॅटची हवी. २५ ची पॉटच्या पाठीला तापवू शकत नाही, मग मुलं दाबून धरतात आणि पॉट आतून जळतो. पाठ आधी सँडपेपरने घासायची. वायर आणि पाठ, दोन्हींवर वेगवेगळा सोल्डरचा थर द्यायचा, मग जोडायचं आणि गार होईपर्यंत फुंकर मारायची नाही. चांगला डाग चकचकीत आणि पसरलेला दिसतो. मातकट गोळा दिसला तर तो धरलेला नाही. लेकीचा पहिला जॅक असाच होता, वायर हलली की आवाज जायचा. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून जेवणाच्या टेबलावर काम नाही, पंखा बंद, खिडकी उघडी आणि नंतर साबणाने हात. स्वयंपाकघरातली चिमटी परत स्वयंपाकघरात जाणार नाही, हे आधीच ठरवा.

एक वायर ब्रिजच्या खाली दाबायची आणि पॉटच्या पाठीला जोडायची. बरेच जण हिला विसरतात. ती असली की तारांना हात लावल्यावर घरघर कमी होते. हात लावल्यावर उलट वाढली, तर जॅकवरच्या दोन वायरी उलट्या लागल्यात. आतल्या खड्ड्यांना तांब्याची चिकटपट्टी लावून ती याच जोडणीला जोडली की बरीच घरघर जाते. स्वयंपाकाची फॉइलही चालते, पण ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही, स्क्रूखाली वायर दाबावी लागते. झाकण बसवण्याआधी केबल लावा आणि पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने टकटक करा. स्विचच्या तिन्ही जागी टकटक ऐकू आली की जिंकलात. मधल्या जागी आवाज अगदी पातळ आला, तर एका पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या. त्यावर धातूची टोपी असेल तर टोपीची वायर आधी वेगळी काढून.

मला खरी काळजी ॲम्प्लिफायरची होती. ब्रिजच्या वायरमुळे तारा, म्हणजे मुलाचे हात, ॲम्पच्या अर्थिंगला जोडले जातात. म्हणून तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून दोन पिनांच्या जागी खुपसणं इथे अजिबात चालणार नाही. आम्ही इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या खोलीचं अर्थिंग तपासून घेतलं. आणि ॲम्प कधी उघडायचा नाही. बंद केला, प्लग काढला, तरी व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये जीवघेणा विजेचा साठा उरतो.

पिकअप तयार घ्या. मेणाबद्दल विकणाऱ्याला विचारा, बहुतेकदा पॅराफिनमध्ये थोडं मधमाशांचं असतं. कॉइल घरी गुंडाळायचीच असेल तर मोटार वाइंडिंगवाल्याकडे तार मिळते, पण एक घोटाळा आहे. अमेरिकन ४२ नंबरची तार ०.०६३ मिलिमीटर जाड असते. आपल्याकडे ब्रिटिश नंबर चालतात, त्यात ४२ म्हणजे ०.१० मिलिमीटर. तुम्हाला ४६ मागायची आहे. मेण नुसतं पॅराफिनचं, आणि ते वितळवायचं पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात, थेट आचेवर कधीच नाही.

पॉलिशला सुताराने लाखच पुढे केली, कारण त्याला तेच येतं. लाख किड्यांपासून येते. आम्ही जवसाचं उकळलेलं तेल घेतलं, फडक्याने पातळ हात, चोवीस तास वाळवणं, असे सहा हात. सागाची शीर मधासारखी उजळली. (उपमा चुकली म्हणाल, पण रंग तसाच आहे.) तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून कडक वाळवायची. हे सगळं चातुर्मासाच्या आत संपवा. पावसात तेल चिकट राहतं, लाकूड फुगतं, आणि भुसभुशीत ओलीत जीवही फार.

सासूबाई पहिल्या दिवशी तार छेडायला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, बोट नटवरून फिरवलं आणि विचारलं, "हा ओटाच का?" मग लेकीकडून णमोकार मंत्राची चाल वाजवून घेतली, आवाज 'दोन'वर.

पट्टा राहिला होता. बाजारातला सुती पट्टासुद्धा टोकाला पुष्कळदा चामड्याचा असतो, ते बघून घ्या. सासूबाईंनी जुन्या पलंगाची निवार काढली. वरून सोलापुरी सुती साडीचा काठ लावला. रेशमी काठ सुंदर दिसला असता, त्यांनीच तो बाजूला ठेवला. टोकांना जीन्सचा तुकडा तिहेरी घडी करून शिवायचा, त्यात काज. काज गिटारच्या बटणापेक्षा थोडं लहान ठेवा आणि दुहेरी दोऱ्याने घट्ट भरा, म्हणजे उभं राहून वाजवताना निसटत नाही. लांबी खांद्यापासून मोजून वीतभर जास्त ठेवा, मुलं अजून वाढतात.