दोन चुका पोटात घालणारी उंची

उतारवयात माणसाच्या हातून एकेक गोष्ट काढून घेतली जाते आणि ती बहुधा प्रेमापोटीच काढून घेतली जाते. प्रथम मोटारसायकलची किल्ली जाते, मग बँकेचे व्यवहार, मग बाजारहाट. माझ्या हाताला किंचित कंप आहे. किल्ली गेली याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु दिवसभरात आपल्या निर्णयाने हलणारी एकही वस्तू उरू नये, हे मनाला मानवत नाही आणि पुढे प्रकृतीलाही मानवत नाही. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी आमच्या ओतूरच्या रानात रेडिओ-नियंत्रित छोटे विमान उडवू लागलो, ते याच कारणाने. आपणांपैकी काहींना हा छंद झेपण्याजोगा आहे; म्हणून त्याचा आरंभ कसा करावा, हे सांगतो.

हा पोरखेळ आहे, असा समज प्रथम दूर व्हावा. अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी १९३७ साली आपले ‘गफ’ नावाचे विमान रेडिओलहरींच्या साहाय्याने उडवले होते. हेलिकॉप्टर मात्र हट्टी. त्याची खात्रीने उडणारी छोटी प्रतिकृती साधायला १९७०च्या सुमारास जर्मनीतील डीटर श्ल्यूटर यांच्यापर्यंत थांबावे लागले. आपल्याकडे एन.सी.सी.च्या हवाई विभागातील छात्र विमानांच्या प्रतिकृती बनवून उडवतात. छंदांविषयी म्हणाल, तर सोळा देशांतील पासष्ट वर्षांवरील त्र्याण्णव हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. छंद जोपासणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे कमी आणि समाधान अधिक आढळले. छंद म्हणजे औषध नव्हे. पण तो पथ्यासारखा उपयोगी पडतो.

आरंभी विमान घ्यावे की हेलिकॉप्टर? मोकळे रान असेल तर विमान. फोमचे, पंख वरच्या बाजूस असलेले आणि पंखांची टोके किंचित उचललेली असे शिकाऊ विमान निवडावे. ते स्वभावाने शांत असते. हात सैल सोडला तर बहुधा आपोआप सावरते. हेलिकॉप्टरचे तसे नाही. मोठे पाते एका दिशेने फिरते, तेव्हा अंग उलट दिशेला फिरू पाहते; शेपटीवरचा छोटा पंखा त्याला आवरतो. एका जागी तरंगत ठेवण्यासाठीही क्षणोक्षणी दुरुस्ती करावी लागते. म्हणून एकावर एक, परस्परविरुद्ध फिरणारी दोन पाती असलेले तळहाताएवढे हेलिकॉप्टर घ्यावे. आमच्याकडे माळशेजच्या बाजूने पाऊस सुरू झाला की बाहेरचे उड्डाण थांबते. तेव्हा ते घरात, ओसरीवर चालते. मोठ्या हेलिकॉप्टरची पाती गंभीर इजा करू शकतात; नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

विमान आपल्यापासून दूर जात असते तोवर डावे ते डावे असते. ते आपल्याकडे वळले की डाव्या-उजव्याची अदलाबदल होते. मेंदूला होणारा हा व्यायाम मोठा आहे. म्हणून संगणकावरील सरावाच्या खेळात तो आधी पुष्कळ घोटावा. तिथे विमान शंभरदा पडले तरी काही मोडत नाही. हाताला कंप असणाऱ्यांनी निराश होऊ नये. रिमोटच्या दांडीची मधली हालचाल सौम्य करण्याची सोय अनेक रिमोटांत असते. ती लावली की बारीक थरथर विमानापर्यंत फारशी पोहोचत नाही.

आता मुख्य गोष्ट. या छंदात शिकवण्याची एक सुंदर पद्धत आहे. दोन रिमोट एकमेकांना जोडतात. शिक्षक आपल्या रिमोटवरचे बटण दाबून धरतो, तोवर विमान शिकणाऱ्याच्या ताब्यात. बटण सोडले की त्याच क्षणी शिक्षकाकडे. माझा शिक्षक माझा नातू. जाणकारांचा नियम असा की, दोन चुका पोटात घालता येतील एवढी उंची गाठल्याशिवाय बटण दाबूच नये. एक चूक शिकणाऱ्याची आणि दुसरी ती सावरताना होणारी. तेवढी उंची असेल, तर विमान वाकडे होताच शिक्षकाने ते काढून घ्यायचे नसते; थांबायचे असते. एका सकाळी विमान डाव्या अंगावर कलले, मी रिमोट त्याच्यापुढे धरला. तो शांतपणे म्हणाला, “आबा, अजून उंची आहे. तुम्हीच सांभाळा.” विमान सावरले. गेल्या दोन वर्षांत मला कोणी दिलेले ते सर्वांत मोठे टॉनिक होते.

काही पथ्ये अवश्य पाळावीत. मान फार वेळ वर करून चक्कर येऊ शकते. म्हणून विमान डोक्यावर न आणता समोर, दूर ठेवावे. ऊन पाठीशी असावे, डोक्यावर टोपी आणि सोबत पाणी असावे. पेसमेकर असल्यास रिमोट व मोटार यांबाबत डॉक्टरांना आधी विचारावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पंख्याला हात लावण्याचे काम दुसऱ्याने करावे. लिथियम बॅटरी चार्ज होत असताना ती सोडून जाऊ नये, रात्री झोपताना तर चार्जिंगला लावूच नये. फुगलेली बॅटरी वापरू नये.

जागेचेही तारतम्य हवे. आमच्याकडे उन्हाळी कांदा निघाला की रानं मोकळी होतात. सकाळी वारा पडलेला असतो, ती वेळ उत्तम. विजेच्या तारा, रस्ता, माणसे आणि गुरे यांपासून लांब उभे राहावे. विमान उसात गेले तर एकट्याने आत शिरू नये, संध्याकाळी तर नाहीच. जुन्नर तालुक्यात उसात बिबट्याचा वावर असतो, हे आपण जाणता. खोडदच्या परिसरात रिमोट चालूच करू नये. तिथल्या महाकाय दुर्बिणीच्या प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या अंतराळातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपत असतात. त्यांच्या कानाशी गोंगाट कशाला? ड्रोन नियम २०२१ नुसार प्रतिकृती केवळ शिक्षण, संशोधन, चाचणी वा करमणुकीसाठी आणि नजरेच्या टप्प्यातच उडवायची असते. हरित क्षेत्रातही चारशे फुटांची मर्यादा सर्वसाधारणपणे लागू असते. उडवण्यापूर्वी ‘डिजिटल स्काय’वरील नकाशा आणि आपल्या विमानाच्या वजनगटाचे नियम घरातल्या तरुणाकडून पाहून घ्यावेत.

शेवटी, ज्येष्ठांची काळजी वाहणाऱ्या आपणांस एक विनंती. विमान विकत घेतलेच पाहिजे असे नाही. दूधवाल्याचा हिशेब असो, औषधांची डबी भरणे असो की देवळापर्यंतची फेरी. ते काम आमच्या हातून काढून घेण्यापूर्वी खाली किती उंची शिल्लक आहे, ते पाहावे. जमीन जवळ असेल तर जरूर काढून घ्या; आम्ही रागावणार नाही. पण दोन चुका मावतील एवढी जागा असेल, तर शेजारी उभे राहा आणि बटण दाबून धरा.