पाठीवर बिऱ्हाड : नांदेड-लातुराकडील आमचा उभयतांचा प्रवास

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण बहुधा दुसऱ्याच्या ओढगस्तीस लावतों. गेल्या मार्गशीर्षांत ती आम्हां उभयतांस अक्षरशः लागू पडली, आणि तींत ओढगस्तीचा लेशही नव्हता. चिरंजीवांनीं कॉलेजांत असतांना हिमालयांत भटकण्याकरितां घेतलेल्या दोन पाठपिशव्या आमच्या माळ्यावर धूळ खात पडल्या होत्या. सौ.नें एके दिवशीं त्या खालीं काढल्या, धुतल्या, उन्हांत वाळविल्या आणि आमच्यापुढें ठेवून म्हटलें, "अहो, आतां आपणच निघूं या. ट्रंक नको, हमाल नको, कोणाची सोबतही नको."

"कोठें?" आम्हीं विचारिलें. आमच्या मनांत काशी होती.

"नांदेडला जाऊं, आणि परततांना लातूरकडे."

लातूर हें नांव तिनें कां काढलें, हें आम्हीं ओळखलें. परंतु त्याविषयीं त्या वेळीं दोघेंही कांहीं बोललों नाहीं. तो मजकूर यथास्थळ येईल.

आम्ही मिरजेचे. मॅट्रिकच्या पुढें आमची मजल गेली नाहीं. पण शास्त्रीबोवांकडे संस्कृत झालें होतें, त्या बळावर पस्तीस वर्षें शाळेंत तो विषय शिकविला. मेघदूतांतील मेघाची रामगिरीहून अलकेपर्यंतची वाट फळ्यावर काढून दाखवितांना आमचा हात कधीं अडखळला नाहीं. मात्र आमच्याच गांवाहून लातूरकडे जाणाऱ्या गाडींत आम्ही कधीं पाऊल ठेविलें नव्हतें! ही मूळची बार्शी लाइट रेल्वेची अरुंद लाइन. १८९७ सालीं बार्शीपुरता सुरू झालेला तिचा पहिला तुकडा पुढें एकीकडे लातूर व दुसरीकडे मिरज असा वाढत गेला. आतां ती रुंद झाली आहे, आणि कुर्डुवाडी, लातूर, परळी, परभणी या वाटेनें नांदेड गांठतां येतें.

पिशवीचें वजन माणसाच्या वजनाच्या दशांशाहून अधिक असूं नये, असा चिरंजीवांनीं फोनवरून दंडक घालून दिला. आमची पिशवी वाण्याच्या कांट्यावर अकरा किलो भरली. पितळी तांब्या काढला, पूजेचा मुकटा काढला, फराळाचा एक डबा काढला; पण अमरकोश काढवेना. तेव्हां सौ. म्हणाली, "पाठ असलेलें पुस्तक पाठीवर कशाला?" यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, तरी हट्टानें तो बरोबर नेला, आणि नांदेडास उतरल्यावर दुसऱ्याच दिवशीं टपालानें घरीं रवाना केला.

नांदेड हें गोदावरीच्या कांठचें जुनें शहर. १७०८ सालीं शिखांचे दहावे गुरु गोविंदसिंग येथें आले आणि येथेंच त्यांचें देहावसान झालें. यापुढें देहधारी गुरु नाहीं, ग्रंथ हाच गुरु, ही त्यांची आज्ञाही याच स्थळींची. ज्यानें सारें आयुष्य पोथ्यांच्या संगतींत घालविलें, त्यास या गोष्टीचें महत्त्व निराळें सांगावयास नको. महाराजा रणजितसिंगांनीं १८३२ ते १८३७ या काळांत बांधविलेल्या सचखंड हुजूर साहिबाच्या पुढें आम्ही उभे राहिलों, तेव्हां आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. त्या ग्रंथांत आमच्या नामदेवांचीं पदें आहेत, आणि नामदेवांचें गांव म्हणून सांगितली जाणारी नरसी येथून फार लांब नाहीं, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांतच आहे. पंजाबांतून शेंकडों कोस येणारा शीख यात्रेकरू आपल्या नकळत नामदेवांच्याही मुलखांत येतो.

दुपारीं लंगरांत जेवावयास बसण्याचा प्रसंग आला. वाचकांपासून लपवीत नाहीं, आमच्या घरांत परान्नाचा संकोच वडिलांपासून चालत आलेला. प्रवासांत आम्ही नेहमीं स्वतःचा डबा उघडणारे. परंतु एक डबा मिरजेसच राहिलेला, आणि दुसरा रात्रींच संपलेला. निमूटपणें पंक्तींत बसलों. उजवीकडे अमृतसरकडील एक वृद्ध शीख, डावीकडे बाजारांतला एक हमाल. तेथें पोळी ताटांत वाढीत नाहींत. दोन्ही हात ओंजळीसारखे पुढें करावे लागतात, तेव्हां ती हातांवर पडते. आम्हीं एकच हात पुढें केला. वाढणारा पोरगा तसाच थांबून राहिला. शेजारच्या वृद्धानें कोंपरानें हळूच खुणावलें, तेव्हां दुसरा हात निघाला. पस्तीस वर्षें देणाऱ्याच्या बाजूस उभे राहण्याची संवय! घेण्यासाठीं हात पसरणें हीही शिकावयाची विद्या आहे, हें त्या दिवशीं समजलें. सौ.चें जेवण आमच्या आधीं आटोपलें होतें. पाहतों तों ती स्वयंपाकघरांत पंजाबी बायकांच्या रांगेंत बसून पोळ्या लाटीत होती. एकमेकींची भाषा येत नसतां सर्व जणी हंसत होत्या.

नांदेडहून पुढें आम्हीं एस.टी.चा आश्रय केला. पासष्टीपुढील म्हणून आमचें तिकीट अर्धें, आणि २०२३ सालापासून स्त्रियांस अर्धें तिकीट असल्यामुळें सौ.चेंही अर्धें, म्हणजे दोघांचें मिळून एक! विवाहांत ऐकलेल्या अर्धांगाच्या कल्पनेस सरकारनें असा हिशेबी आधार दिल्याबद्दल आम्हीं कंडक्टरापाशीं समाधान व्यक्त केलें. त्यानें तें कितपत ऐकलें कोण जाणे. सुटे पैसे मात्र मागितले.

लोह्यास उतरून कंधारचा भुईकोट पाहिला. भोंवतीं रुंद खंदक, आंत भग्न वाडे व कमानी. राष्ट्रकूट राजे आपणांस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. तें लट्टलूर म्हणजेच आजचें लातूर, असें विद्वान् मानतात. ही पदवी शिकवितांना तींतील समास सोडवून दाखवीत असूं. तिच्यांतलें गांव पाहण्यास मात्र निवृत्तीनंतरची सहल लागली. लोह्याच्या पुढें माळेगांवीं खंडोबाच्या यात्रेची तयारी चाललेली दिसली. मार्गशीर्ष वद्यांत भरणारी ही यात्रा जनावरांच्या बाजाराविषयीं प्रसिद्ध आहे. रस्त्याच्या कडेनें घोडे चालले होते, आणि तंबूंच्या मेखा ठोकल्या जात होत्या.

उदगीरच्या किल्ल्यांत आम्ही अर्धा दिवस होतों. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं सदाशिवरावभाऊंनीं येथें निजामाचा पराभव केला, हें शाळेंतला मुलगाही सांगेल. परंतु तटावर उभें राहून हिशेब केला म्हणजे मन चरकतें. या विजयानें ज्याचें नांव झालें, तोच सेनापति उत्तरेंत गेला, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपत झालें. मध्यें वर्षही पुरें गेलें नव्हतें. किल्ल्यांत उदागीर बाबांची समाधि आहे. गांवाचें नांव त्यांच्यावरून पडलें, असें लोक सांगतात. याच गांवीं २०२२ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें होतें. तलवारीची कीर्ति आणि लेखणीची, दोन्ही या गांवानें पाहिल्या.

लातुरास पोंचलों तों दिवेलागण झाली होती. तेथील गंजगोलाई ही पाहण्यासारखी पेठ. १९१७ सालच्या आंखणीची ही वाटोळी बाजारपेठ. मध्यभागीं देवीचें मंदिर, आणि तेथून सोळा रस्ते चाकाच्या आरांप्रमाणें फुटलेले. आम्ही एका साध्या खानावळींत उतरलों. मालक वृद्ध व अगत्यशील. बोलतां बोलतां २०१६ सालच्या पाण्याच्या गाडीची गोष्ट निघाली. त्या उन्हाळ्यांत लातूर इतकें कोरडें पडलें कीं मिरजेहून आगगाडीनें कृष्णेचें पाणी आणावें लागलें. एप्रिलांत पहिली गाडी आली, ती दहा टांक्यांची, पांच लक्ष लिटरांची. पुढें पन्नास टांक्यांच्या गाड्या येऊं लागल्या. तीं पांढरीं वाघिणीं भरतांना आम्हीं मिरज स्टेशनावर पाहिलीं होतीं. सहजच तोंडांतून निघून गेलें, "तें आमच्या गांवचें पाणी!"

"होय, गुरुजी," मालक नम्रपणें म्हणाले, "आम्ही विसरलों नाहीं." आणि त्यांनीं आमच्यापुढें पाण्याचे पेले ठेविले, ते अर्धेच भरलेले. "लागलें तर आणखी देतों. उष्टें पाणी टाकवत नाहीं हो आम्हांला अजून."

आम्हीं मान खालीं घातली. पाणी कृष्णेचें, टांक्या भरणारे कामगार निराळे, आणि बढाई आमची! दिलेल्याचा उच्चार केल्यानें पुण्य क्षीण होतें असें आम्ही वर्गांत सांगत असूं. येथें तर दिलेलेंही आमचें नव्हतें.

मालकांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशीं मार्गशीर्ष अमावास्या. या मुलखांत तिला वेळ अमावास्या म्हणतात, बोलण्यांत 'येळवस'. त्या दिवशीं बाजार बंद, रस्ते ओस, सारें शहर शेतांत. "येथें तुम्हांला चहा देखील मिळावयाचा नाहीं. पहांटेची गाडी धरा आणि कोठें तरी शिवाराकडे जा." सौ.नें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं म्हटलें, "किल्लारीस जाऊं."

आतां तो मागें ठेविलेला मजकूर सांगतों. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे तीन वाजून छपन्न मिनिटांनीं, गणेशविसर्जन करून लोक झोंपीं गेले असतांना, लातूर-उस्मानाबादकडील (उस्मानाबादचें नांव आतां धाराशिव) भूमि हादरली. दगडामातीच्या जाड भिंती, वर मातीच्या वजनदार माळवदाचें छप्पर. उन्हाथंडींत सुख देणारीं तीं घरें झोंपलेल्या माणसांवर कोसळलीं. आठ-दहा हजार माणसें गेलीं. आमच्या गांवांतून एक तुकडी मदतीस निघाली. तींत स्वयंपाकपाण्यासाठीं बायका हव्या होत्या. सौ.नें विचारिलें, "मी जाऊं का? आठच दिवस." तेव्हां मूल तीन वर्षांचें, शाळेंत सहामाही परीक्षा. आम्हीं म्हटलें, "घर कोणीं पाहावें?" आणि एकावन्न रुपये व दोन घोंगड्या देऊन रीतसर पावती घेतली. ती पावती आम्हीं जपून ठेविली. सौ.नें पुन्हां तो विषय काढला नाहीं. आणि न काढलेला विषय घरांत किती वर्षें राहूं शकतो, हें संसारी वाचकांस ठाऊकच आहे.

जुन्या किल्लारीच्या जागीं आम्ही सकाळीं पोंचलों. गांव आतां अलीकडे नव्यानें वसलें आहे. रुंद रस्ते, ठेंगणीं घरें. जुन्या जागेवर स्मृतिस्तंभ आहे, आणि झाडोऱ्यांत दगडांचे ढीग. एका ढिगांत जात्याची एक तळी पडलेली होती. सौ. तिच्यापाशीं बराच वेळ उभी राहिली. आम्ही चार पावलें मागें थांबलों. कांहीं तरी बोलावें असें वाटत होतें, पण शब्द सुचला नाहीं.

परततांना एका बैलगाडीवाल्यानें हांक मारली. आज परका माणूस उपाशी जाऊं द्यावयाचा नाहीं, अशी त्या दिवसाची रीत. त्यांच्या शेतांत ज्वारी छातीइतकी उभी, कडेला हरभरा. कडब्याच्या पेंढ्यांची कोप केलेली, आंत चुना लावलेले पांच दगड, ते पांडव. पूजा झाल्यावर यजमानांनीं शेताच्या चारी बाजूंस आंबील शिंपडली. मग पान मांडलें: बाजरीचे उंडे, भाज्या-डाळींची भज्जी, गव्हाची खीर, मडक्यांतली आंबील. ही भज्जी म्हणजे तळलेलीं भजीं नव्हेत, मिसळीची दाट भाजी आहे. वाचकभगिनींनीं गोंधळूं नये.

घरच्या म्हाताऱ्या आजी सौ.जवळ बसल्या. त्यांच्या घरचीं तीन माणसें त्या पहांटे गेलीं होतीं. सौ. एकाएकीं म्हणाली, "आजी, तेव्हां माझ्या मनांत यायचें होतें. आलें नाहीं." तिनें कारण सांगितलें नाहीं. आम्ही शेजारीं होतों, आम्हीं सांगितलें. "मीच जाऊं दिलें नाहीं, आजी." एवढें एक वाक्य म्हणावयास आम्हांस तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

आजींनीं आमच्याकडे पाहिलें, मग तिच्याकडे. "तवा कोन कोन आलं, नांवबी ठावं न्हाईत, माय. चूल पेटवायला बाया आल्या, तेवढं ध्यानांत हाय. तवा न्हाई आलाव, आतां आलाव न्हवं? जेवा." आणि त्यांनीं आमच्याकडे उंडा पुढें केला. या खेपेस आम्हीं दोन्ही हात पुढें केले.

निघतांना फडक्यांत बांधलेले चार उंडे आणि हरभऱ्याचे डहाळे सौ.च्या पिशवींत आले. पिशवी जड झाली. पण तिचें वजन कोणी केलें नाहीं. रात्रीं लातुराहून मिरजेची गाडी धरली. गाडींत ती पुष्कळ दिवसांनीं पुष्कळ बोलली.

आमच्या वयाच्या दांपत्यांस आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं एकदां तरी असें निघावें. लागतें फार थोडें: कपड्यांचे दोन जोड, एक पांघरूण, नित्याचीं औषधें, पाण्याची बाटली, आणि पायांस रुळलेल्या वहाणा. पुस्तकें पाठ असतील तीं घरीं ठेवावीं. पिशवीचा एक कोपरा मात्र निघतांना रिकामा असावा. वाटेंत लोक देतात, आणि तें घेण्यास जागा लागते.