काटा आधी की रस्ता?

गळीत हंगामात रात्री बारामतीहून इंदापूरला निघालात, की भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी... सगळा रस्ता उसाचा! माझ्यासारख्या नाइट ड्राइव्हवाल्यांची इथे सत्त्वपरीक्षा. पुढे एक ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या आणि कित्येकदा मागे साधा रिफ्लेक्टरही नाही.

आपल्याला भीती वाटते त्या उंच ढिगाची. खरा धोका मात्र वजनाचा. दोनचाकी ट्रॉलीत भार हुकावर जास्त आला, की चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात, स्टिअरिंग निकामी. भार मागे गेला, तर ट्रॉली डोलायला लागते. उतारावर तीच ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, कारण तिला स्वतःचे ब्रेक बहुधा नसतातच.

कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

गंमत बघा, कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक खेपेचं वजन होतंच. वाहतुकीचे पैसे टनावर, मग ट्रॉली गच्च भरणारच. म्हणजे वजन सगळ्यांना कळतं, फक्त रस्ता संपल्यावर!