गाली आणि गाळी

कानडीत 'गाली' म्हणजे चाक आणि 'गाळी' म्हणजे वारा. मराठी माध्यमात शिकलो असलो तरी हे दोन्ही शब्द मला गल्लीत खेळता खेळता पाठ झाले होते. पण ल आणि ळ यांच्यातल्या फरकाची किंमत एक पंखा असू शकते, हे गेल्या ऑक्टोबरात समजले.

मी आणि माझा एक वर्गमित्र, दोघांनी मिळून एक छोटे विमान बांधले. तो कानडी माध्यमातला. आमचे बोलणे अर्धे त्याच्या भाषेत, अर्धे माझ्या. खर्चही निम्मा-निम्मा. बाल्सा लाकडाचा सांगाडा, विजेची मोटर, पोलादी तारेचे पाय. वजन एक किलो. हिशेबाची वही माझ्याकडे होती आणि आराखडाही मीच मागून घेतला होता. तो इंग्रजीत होता. "सगळा वाचला," असे मी मित्राला ऐटीत सांगितले. चित्रात चाके ५ सेंटिमीटर व्यासाची होती. मी तेवढीच आणली.

सांबऱ्याला उतरणाऱ्या खऱ्या विमानांना पक्की धावपट्टी आहे. आमच्या नशिबी शहराबाहेरचा माळ. गुरांनी चरून दोन बोटे उरलेले गवत आणि मध्ये मध्ये त्याचे ठोंब. पहिल्या रविवारी विमान चार-पाच फूट पळाले, चाक ठोंबात अडले, नाक जमिनीत आणि शेपूट आभाळात! पंखा मोडला. मी म्हटले, "वारा फिरला." दुसऱ्या रविवारी तेच. मी वहीत 'वाऱ्यामुळे नुकसान' असे नवे खातेच उघडले.

तिसऱ्या रविवारी मी विमान धरून बसलो होतो आणि मित्र दूर उभा राहून ते चालवणार होता. चाकात गवत गुंतलेले त्याला दिसले. "गाली नोडो!" तो ओरडला. पंख्याच्या घरघरीत मला ऐकू आले 'गाळी नोडो'. मी बोट ओले करून हवेत धरले, वारा अगदी ठीक वाटला, आणि विमान सोडून दिले. तिसरा पंखा गेला. वर मीच त्याला म्हणालो, "तूच एकदम जोर देतोस." तो फक्त "इरली बिडो" म्हणाला आणि सायकल काढून निघून गेला. पुढे आठ दिवस कॉलेजात त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही.

त्या आठवड्यात शब्दकोश घेऊन मी आराखडा पहिल्यांदा खरोखर वाचला. एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिले होते : ही चाके पक्क्या धावपट्टीसाठी आहेत, गवतासाठी मोठी घ्यावीत.

मग शाळेतले भूमिती-विज्ञान आठवून हिशेब मांडला. समोर १ सेंटिमीटर उंचीचा अडथळा आहे असे धरा. ५ सेंटिमीटर व्यासाचे चाक जागेवरून त्यावर चढवायला चाकावरच्या वजनाच्या ४/३ पट आडवी ओढ लागते. व्यास १० सेंटिमीटर केला की तीच ओढ ३/४ वर येते. आमच्या मोटरीची ओढ विमानाच्या वजनाएवढीही नव्हती. म्हणजे पहिले चाक अडणारच होते. गवत दबते, तेव्हा हा हिशेब ढोबळच. पण बैलगाडीचे चाक एवढे मोठे का, ते मला वीस वर्षांत पहिल्यांदा उमगले.

संध्याकाळी मित्राच्या घरी गेलो आणि कबूल केले की आराखडा मी वाचला नव्हता, नुसती चित्रे पाहिली होती. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ती ओळ मलाही दिसली होती. मला कळली नाही. वाटले, तुला कळली असेल." पुढे आम्ही दोघेही हसलो, पण आधी दोघांच्याही माना खाली होत्या.

नवी चाके १० सेंटिमीटरची, स्पंजासारख्या हलक्या फोमची आणि रुंद घेतली. अरुंद चाक मऊ मातीत रुतते. दोन्ही मिळून वजन तीस ग्रॅमने वाढले आणि हवेचा अडथळाही वाढला. म्हणून याहून मोठी घेतली नाहीत. चाकांवरच्या शोभेच्या टोपणांत गवत अडकते, ती काढून टाकली. तारेचे पाय थोडे पुढे वाकवले, म्हणजे चाक अडले तरी विमान नाकावर पडायची भीती कमी. फार पुढे नेले तर ते धावताना भरकटते. ठोंब मात्र विळ्यानेच कापले.

बापाच्या चपला घातलेल्या पोरासारखे ते विमान दिसत होते. पण पुढच्या रविवारी ते गचके खात धावले, शेपूट उचलली, आणि चाके गवतापासून सुटली. मित्र कानडीत काहीतरी ओरडला, मी मराठीत. कोण काय म्हणाले ते दोघांनाही आठवत नाही.

वहीतले 'वाऱ्यामुळे नुकसान' मी खोडले आणि तिन्ही पंखे माझ्या नावे टाकले. मित्राने वही घेऊन दीड पंखा स्वतःच्या नावे करून घेतला.

आता माळावर तो काही ओरडला की मी विमान सोडण्याआधी एकच प्रश्न विचारतो, "ल की ळ?"