निळं सूप आणि डार्सी

हेलन फील्डिंगची 'ब्रिजेट जोन्सेस डायरी' आज पुन्हा वाचायला घेतली. १९९५ साली 'द इंडिपेंडंट'मधल्या सदरातून सुरू झालेली ही ब्रिजेट १९९६ मध्ये पुस्तकात आली. दिवसाच्या नोंदीआधी ती वजन, दारू, सिगारेटी यांचा हिशेब मांडते. त्या आकड्यांवरूनच कळतं, तिचं मन कुठं भरकटलंय ते.

मला सर्वांत प्रिय तो मित्रमंडळींना घरी जेवायला बोलावल्याचा प्रसंग. बेत मोठा, आणि सूप झालं निळंशार, कारण त्यात टाकलेला दोराच निळा! हसता हसता डोळ्यांत पाणी येतं. चार माणसांत आपलं नीट व्हावं, ही तिची धडपड किती खरी आहे!

प्रेमाची गोष्ट जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वर (१८१३) उघडपणे बेतलेली. नायकाचं आडनावही डार्सीच. नववर्षाच्या मेजवानीत तो चौकटीचौकटीच्या स्वेटरमध्ये भेटतो आणि तिथल्या तिथे तिच्या मनातून उतरतो. अशा विनोदी प्रेमकादंबऱ्यांतली माणसं प्रेमाचं थेट बोलत नाहीत. अडखळतात, विषय बदलतात, भलतंच काहीतरी बोलून बसतात. विनोद तिथेच पिकतो, आणि म्हणूनच कुणी शेवटी दोन सरळ शब्द बोललं की ते काळजाला भिडतात. गुळगुळीत प्रेमकथांत मला हे कधी मिळालं नाही. ब्रिजेटवर जीव जडतो तो तिच्या चुकांसकट. सोफी किन्सेलाच्या कादंबऱ्यांतली बेकी ब्लूमवुडही तशीच, क्रेडिट कार्डाची बिलं नजरेआड करणारी. तिचाही मला फार लळा आहे.