दीड तासाचं गणित

नोकरी मुंबईत आणि घर नागपुरात असलेल्या प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य असतंच. 'लांब कुठे यार, विमानाने दीड तास!' ऐकायला मस्त वाटतं. अंधेरीहून ठाण्याला जायलाही कधी कधी तेवढाच वेळ जातो.

नकाशावर सरळ रेघ ओढली तर या दोन विमानतळांमधलं अंतर भरतं साधारण ६८० किलोमीटर. जेट विमान एकदा वर गेलं की ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास पळतं. म्हणजे तासाभरात पोचायला हवं. मग तिकिटावर दीड तास का? कारण ती वेळ नुसती हवेतली नसते. विमान मुंबईत जागेवरून हलल्यापासून नागपुरात जागेवर उभं राहीपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरायची. मग रांग ही आलीच. शिवाय चढता-उतरताना वेग कमी, आणि वाटही रेघेसारखी सरळ नसते.

बाबा गेल्यापासून आई सोनेगावला एकटी राहते. गेल्या पावसाळ्यात तिने फोनवर थेटच विचारलं, "मला रात्री काही झालं, तर तुला यायला किती वेळ लागते रे?"

कागद घेऊन बसलो. घर ते विमानतळ, एक तास. काउंटर सहसा तासभर आधी बंद होतं, म्हणून दीड तास आधी हजर. विमानाचा दीड तास. उतरून घर गाठायला अर्धा तास. झाले साडेचार! तेही लगेचचं विमान आणि सीट मिळाली तर. रात्रीचं शेवटचं सुटलं असेल, तर पहाटेपर्यंत घड्याळ बघत बसा. समृद्धी महामार्ग २०२५मध्ये पूर्ण झाला खरा, पण तोही ७०१ किलोमीटर. रात्रभर गाडी हाकायची.

गंमत बघा. १९४९मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपुरातच भेटायची, पिशव्यांची अदलाबदल करून परत फिरायची. नागपूर देशाच्या मधोमध, म्हणून. पत्रांची सोय झाली होती, मुलांची कोण करणार?

आईला म्हटलं, "साडेचार तास. कमीत कमी." वाटलं, हिरमुसेल. ती म्हणाली, "मग तेवढे तास मी पाहून घेते ना. तू पाचव्या तासाला ये."

आता घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. फ्रीजवर डॉक्टरांचा नंबर आणि त्याखाली ठळक १०८. काकूंचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये सगळ्यात वर.

तुमचंही घर असंच 'दीड तासावर' असेल, तर या रविवारी कागद घ्या आणि खरा आकडा काढा. तो आईला सांगा. मग शेजारी कोण राहतं, ते विचारा. दोन मिनिटांवर तेच असतात.