पुस्तकातील माप व हातातील माप

संसारात काही पुस्तके वाचण्यासाठी असतात, काही जपून ठेवण्यासाठी असतात, तर काही केवळ वापरण्यासाठी. पाककृतींचे पुस्तक, शिवणकामाचे पुस्तक, घरगुती औषधांचे पुस्तक ही तिसऱ्या वर्गातील होत. त्यांची पाने हळदीने, खडूने व तेलाने डागाळतात, आणि त्या डागांतच त्यांची खरी शोभा असते. आमच्या घरी या वर्गातील आणखी एक पुस्तक आहे. ते मोटारसायकलच्या देखभालीचे व दुरुस्तीचे आहे. स्वयंपाकघरातील फळीवर पाकशास्त्राशेजारी त्यास पाहून पाहुणे चकित होतात. परंतु ज्या घराची ये-जा एका जुन्या गाडीवर चालते, त्या घरी त्याचे स्थान तेथेच योग्य आहे, असे मला वाटते.

आमची गाडी 1989 सालची, 350 सीसीची बुलेट आहे. या गाडीची कुळकथा वाचकांस ठाऊक असेल. 1955 साली इंग्लंडातील रेडिच येथील कंपनीच्या सहकार्याने मद्रासेत तिची जुळणी सुरू झाली. पुढे इंग्लंडातील मूळ कारखाना बंद पडला, तथापि लोखंडी सिलिंडरचे ते जुने एंजिन आपल्या देशात 2010 च्या सुमारापर्यंत तयार होत राहिले. इतका दीर्घकाळ एकच रचना टिकल्यामुळे तिची विद्याही पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आली. बेळगावात कॅम्प भागात आमचे एक मिस्त्री होते. तीस वर्षे त्यांनी ही गाडी सांभाळली. कोणते माप किती ठेवावे हे त्यांनी कधी सांगितले नाही, व आम्हीही कधी विचारले नाही. विश्वास असला की प्रश्न सुचत नाहीत.

पुढे मिस्त्रींस कंपवाताने गाठले. हातात पाना स्थिर राहीना, तेव्हा त्यांनी दुकान बंद केले. आम्ही गाडी दुसरीकडे नेऊ लागलो. तेथील एका मुलाने एंजिनमधील तेल बदलताना खालचा बोल्ट लांब पान्याने असा आवळला की त्याचे आटेच गेले. चार दिवसांनी माझा थोरला मुलगा गोव्याहून चोर्ला घाटाने परत येत असता वाटेत तेल गळू लागले. मागचे चाक तेलाने भिजण्यापूर्वी त्याच्या ध्यानी आले, म्हणून तो सुखरूप घरी पोहोचला. त्या रात्री सौभाग्यवतीने शांतपणे विचारले, “त्या मुलाचे चुकले, हे खरे. परंतु किती आवळावे, हे आपल्या घरात तरी कोणास ठाऊक आहे?” या प्रश्नास आम्हां कोणापाशीच उत्तर नव्हते. पुस्तक विकत घेण्याचा निश्चय त्यातून झाला.

बाजारात गेल्यावर कळले की, अशी पुस्तके तीन प्रकारची असतात. गाडीबरोबर मिळते ती मालकासाठीची लहान पुस्तिका. तीत तेल कोणते घालावे, टायरमध्ये हवा किती ठेवावी, एवढेच असते. दुसरी सुट्या भागांची सचित्र यादी. कोणता भाग कोणत्या भागानंतर बसतो, हे तिच्या चित्रांवरून उत्तम समजते. तिसरे, कारागिरांसाठीचे खरे दुरुस्ती-पुस्तक. त्यात उघडण्याचा व जोडण्याचा क्रम, झिजेची मर्यादा आणि प्रत्येक बोल्ट किती जोराने आवळावा याची कोष्टके असतात. हे तिसरे घ्यावे. घेताना गाडीचे साल व प्रकार जुळवून पाहावा. चार गिअरच्या गाडीचे पुस्तक पाच गिअरच्या गाडीस लागू पडत नाही. छायाप्रत स्वस्त मिळते, परंतु तीत 3 चा 8 झालेला असू शकतो. आम्हांस जुन्या पुस्तकांच्या दुकानात मूळ छापील प्रत लाभली.

आकड्यांची परिमाणेही नीट पाहावी लागतात. आवळण्याचा जोर कोठे किलोग्रॅम-मीटरमध्ये, तर कोठे न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. पहिल्याचे एक म्हणजे दुसऱ्याचे सुमारे 9.8. परिमाण न पाहता नुसता आकडा घेतला, तर बोल्ट दहापट सैल राहील अथवा दहापट जोर बसून तुटेल. त्याकरिता जोर दाखविणारा मापाचा पाना व फटी मोजण्याच्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा, ही दोन साधने आम्ही पुस्तकाबरोबरच घेतली.

पुस्तक घरी आल्यावर पहिली गोष्ट शिकलो ती ही की, क्रमास कारण असते. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटांमधील फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवावी, असे पुस्तक सांगते. आणि ठिणगीची वेळ त्यानंतरच जुळवावी, असेही बजावते. कारण फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात व ठिणगीही लवकर पडते. वेळ आधी जुळवून फट मागाहून बदलली, तर पहिले श्रम वाया जातात.

मला खरे नवल वाटले ते टॅपेटच्या प्रकरणाचे. सर्वत्र मिलिमीटरचे शतांश मोजणारे ते पुस्तक येथे पट्टी बाजूस ठेवावयास सांगते. एंजिन थंड असावे, दाबाच्या फेरीत दट्ट्या अगदी वर असावा, दोन्ही झडपा मिटलेल्या असाव्यात. मग उभी दांडी दोन बोटांनी सहज फिरली पाहिजे, मात्र वरखाली हलता कामा नये. हेच माप! दांडी फार घट्ट राहिली, तर तापलेल्या एंजिनात झडप पुरती मिटत नाही व कालांतराने जळते.

हे प्रकरण मी मिस्त्रींच्या घरी जाऊन त्यांस वाचून दाखविले. पुस्तक इंग्रजी, त्यांच्या घरची भाषा कानडी, आणि आमचे बोलणे मराठीत. त्यांनी डोळे मिटून ऐकले व थरथरत्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरवीत ते म्हणाले, “मास्तर, आयुष्यभर मी हेच करीत आलो. कोणी लिहूनही ठेवले आहे, हे मला ठाऊक नव्हते.” त्यानंतर दर पंधरवड्यास मी पुस्तक घेऊन जाऊ लागलो. पुस्तकात नसलेले पुष्कळ ते सांगत. काढलेले भाग थाळीत काढल्या क्रमाने मांडावे. बोल्ट प्रथम हातानेच फिरवावा, आटे बसल्यावाचून पाना लावू नये. पाण्यातून गाडी काढल्यावर हलका ब्रेक धरीत थोडे अंतर जावे, म्हणजे आतील अस्तर सुकते. सौभाग्यवतीने हे सारे पेन्सिलीने पानांच्या समासात मराठीत टिपून ठेवले आहे. त्यांची विद्या त्यांच्या बोटांबरोबर नाहीशी होणार होती. तिचा काही अंश तरी आता आमच्या फळीवर आहे.

तथापि पुस्तक घेतले म्हणजे कोणी कारागीर होत नाही, हेही सांगितले पाहिजे. तेल, प्लग, पॉइंट, साखळी व ब्रेकची तपासणी एवढेच आम्ही घरी करतो. साखळीचा ताण पाहताना चाक फिरवून ती सर्वांत घट्ट होते ती जागा शोधतो. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून आतील धूळ फुंकरीने कधी उडवीत नाही. ओल्या फडक्याने टिपतो. एंजिन उघडण्याचे काम मात्र जाणत्या हातीच सोपवितो. फरक इतकाच की, आता कोष्टकाचे पान कारागिरासमोर ठेवता येते. चांगल्या कारागिरास त्याचा राग येत नाही. उलट, तो चष्मा पुसून आकडा पाहतो.

1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या नियमांनंतरच्या बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटर राहिला नाही, आणि पॉइंट तर त्याआधीच गेले. तरीही तेल, साखळी, ब्रेक व टायर हे चारही बहुतेक मोटारसायकलींस आहेत, आणि घरच्यांचे प्राण विशेषेकरून त्यांवरच अवलंबून असतात. म्हणून वाचकहो, नवी गाडी घेताना तिच्या पुस्तकाचीही चौकशी करा, आणि तुमचा मिस्त्री म्हातारा झाला असेल तर त्याच्यापाशी वही-पेन्सिल घेऊन बसा. आता माझा मुलगा गोव्यास निघण्याच्या आदल्या सायंकाळी स्वतःच पुस्तक काढतो, मागच्या चाकापाशी बसतो, आणि तपासणी झाल्यावर समासात तारीख लिहितो. ती तारीख वाचूनच त्याची आई फाटक उघडते.